खंडोबाचा किडा, बरणी क्रमांक दोन

७ जुलै २०२४, रविवार

भाचा मुलुंडहून आला तो मोबाइल पुढे करतच. पडद्यावर घोस्ट मँटिस, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा एक शिकारी किडा. आफ्रिका आणि मादागास्करमधला, वाळून चुरगळलेल्या पानासारखा दिसणारा, डोक्यावर वाकडा तुरा असलेला, जेमतेम दोन इंचांचा जीव. "मामा, वाढदिवसाला मला हाच हवा." कुणा विक्रेत्याशी त्याने बोलूनही ठेवलंय. अंड्यांचा पुडा कापसात गुंडाळून कुरिअरने येणार. पावती नाही, कागद नाही.

मी नाही म्हणालो, आणि का ते त्याला जवळ बसवून सांगितलं. बाहेरदेशचा जिवंत कीटक आणायचा तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली आधी परवाना काढावा लागतो. पण मला खटकतं ते वेगळंच. पुड्यातून एक पिल्लू निघत नाही, ढीगभर निघतात. त्यातली दोन-चार सांभाळू, बाकीच्यांचं काय? इथल्या झाडांवर सोडायची नाहीत, मारवणार नाहीत. ज्याला कधीच दार उघडून देता येणार नाही असा जीव मला घरात नको.

पोरगं हिरमुसलं. मग मी म्हटलं, "पाऊस लागलाय, आता सगळीकडे आपल्याकडच्या मँटिसची पिल्लं दिसतील. आपल्याच गॅलरीत शोधू. सापडलं तर तू नि मी मिळून पाळू, आणि नोंदी ठेवू." ही वही त्यासाठीच काढली. एक अटही घातली: नॅशनल पार्कात जाऊन शोधायचं नाही. तिथून काडीसुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

१४ जुलै, रविवार

सापडली, आणि एक नाही, दोन!

गेल्या सोमवारी पहाटेच्या पावसाने गॅलरीतली मधुमालती ग्रीलवरून अर्धी खाली लोंबली होती. आज सुतळीने बांधायला घेतली, तर कळ्यांच्या घोसात काहीतरी डुललं. वारा नव्हता. भिंग आणलं. ९ मिलिमीटरचं पिल्लू. पांढुरकं अंग, त्यावर फिकट हिरवे-तपकिरी पट्टे, पोट विंचवासारखं वर वळवलेलं, डोळे गोल नाहीत, वर निमुळते होत गेलेले. कळीच्या देठावर कळी होऊन बसलेलं. हातभर अंतरावर दुसरं, त्याच्याहून किंचित लहान.

आई चष्मा लावून बघायला आली. "अरे, हा तर खंडोबाचा किडा. आमच्याकडे पुरंदरला शेतात असायचा, पण मोठा, हिरवागार. एवढुसा नाही कधी बघितला." सोसायटीत सगळे याला सरसकट नाकतोडा म्हणतात. आईने ते खोडून काढलं. नाकतोडा पाला खातो, हा शिकार करतो, आणि हात जोडून बसतो तो हा.

निमुळते डोळे, वर वळलेलं पोट आणि पायांवरचे पट्टे बघून वहीत क्रिओब्रोटर असं नाव लिहिलं. फुलांवर बसणाऱ्या छोट्या मँटिसांची ही प्रजाती. तिच्यातलाच क्रिओब्रोटर जेमॅटस युरोप-अमेरिकेतले हौशी लोक 'ज्वेल्ड फ्लॉवर मँटिस' म्हणून विकत घेऊन पाळतात. तिकडच्या लोकांसाठी परदेशी असलेला जीव इथे भांडुपला चौथ्या मजल्यावर आईच्या मधुमालतीत बसलेला. भाच्याला फोनवर हे सांगितलं तर क्षणभर तिकडून आवाजच नाही. मग, "मी येऊ का आत्ता?"

१६ जुलै, मंगळवार

घरं तयार. खाऊच्या दोन पारदर्शक बरण्या, उंची २२ सेंटिमीटर. झाकणाचा मधला भाग कापून त्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून चिकटवलं. आत तिरकी काडी. तळाला टिशूपेपर, तो रोज बदलायचा.

उंची महत्त्वाची. कात टाकताना हा प्राणी छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली घसरत बाहेर येतो. अंगाच्या निदान तिप्पट जागा खाली मोकळी हवी, आणि छत खरखरीत हवं. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पाय निसटतात.

दोघांना एका बरणीत ठेवायचं नाही. जो मोठा तो दुसऱ्याला खातो.

२१ जुलै, रविवार

खाण्याची सोय. एका काचेच्या बाटलीत काळं पडलेलं केळं, चमचाभर रवा, गुळाचा खडा, यीस्टची चिमूट आणि उभ्या कागदाच्या पट्ट्या. स्वयंपाकघरात दोन दिवस उघडी ठेवली, चिलटं आपसूक आली, मग तोंडाला रुमाल बांधला. या हवेत आठ-दहा दिवसांत नवी फळी तयार होते. पंख नसलेली चिलटं परदेशात विकत मिळतात म्हणे. आपण आपली उडणारी, दोन मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करतो आणि मग बरणीत झटकतो. आईची एकच अट: दह्याच्या कप्प्यात नाही. मान्य.

रोज प्रत्येकी दोन-तीन चिलटं. पाण्यासाठी सकाळी जाळीवर एक बारीक फवारा. थेंबाला तोंड लावून पितात, तेव्हा जबडे हलताना दिसतात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, तिची काळजी या महिन्यात मुंबईत करावी लागत नाही.

२६ जुलै, शुक्रवार

एक नंबरचं पिल्लू गेलं. चूक माझी.

काल त्याने काहीच खाल्लं नव्हतं. चिलट पायावरून चालत गेलं तरी हाललं नाही. जाळीला उलटं लटकून होतं. हे मी वाचलेलं होतं: खाणं सोडून लटकलं म्हणजे कात टाकणार. माहीत असून आज सकाळी लोकल गाठायच्या घाईत रोजच्या सवयीने झाकण उघडलं, चिलटं टाकली, झाकण परत लावलं. ते झाकणालाच लटकलेलं होतं. कातडी पाठीवर उकललेली, डोकं आणि छाती बाहेर आलेली. माझ्या हाताच्या हिसक्याने जाळीवरची पकड सुटली आणि ते तळाला पडलं.

तेव्हा मला दिसलंही नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा टिशूवर होतं. पुढचे पाय अर्धे जुन्या कातडीत अडकून तसेच वाळलेले, कोनात वाकलेले. मान हलत होती. माझ्याकडे वळवून बघत होतं. रात्री नऊच्या सुमारास मान हलायची थांबली.

भाच्याला फोन करून जसं झालं तसं सांगितलं. तो रडला. म्हणाला, "मामा, तू बघायला हवं होतंस." बरोबर आहे त्याचं.

२७ जुलै, शनिवार

बरणी क्रमांक दोनला आज बाजूने रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडलं, त्यात स्पंजचा बोळा घट्ट बसवला. यापुढे खाणं, पाणी, टिशू सगळं बोळा काढून चिमट्याने. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी मारून टाकली. ते उघडायचंच नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाड पेनने लिहिलं: लटकलं की हात नाही.

३० जुलै

दोन नंबरने रात्री कात टाकली. सुखरूप. सकाळी बघतो तर जाळीला पांढरी, पारदर्शक, रिकामी कातडी लटकलेली आणि हे काडीवर, १३ मिलिमीटरचं. कातडीचे पायसुद्धा काट्यांसकट शाबूत. भाच्यासाठी ती काडेपेटीत ठेवली.

११ ऑगस्ट, रविवार

पुन्हा कात, परवा. आता १७ मिलिमीटर.

आज भाचा आला आणि मादी की नर ते ठरवलं. बरणीला लटकलेली असताना खालून मोबाइलचा उजेड टाकला, भिंगातून पोटाचे खंड मोजले. नराला आठ दिसतात, मादीला सहा, आणि शेवटचा मोठा. तीनदा मोजले. सहा.

मग नावाचा विषय निघाला. खंडोबाचा किडा, आणि मादी, तर म्हाळसा म्हणू, असं मी सुचवलं. आई लगेच म्हणाली, "म्हाळसा वाण्याची, वाड्यातली. ही रानातली. हिला बाणाई म्हणा." धनगराची बाणाई. नाव ठरलं.

२५ ऑगस्ट, रविवार

भाच्याचा आजचा प्रश्न: मेलेली माशी ती का खात नाही? चिमट्याने समोर धरली तर ढुंकून बघत नाही. तीच माशी त्याने चिमट्यात जराशी थरथरवली आणि काय झालं ते आम्हा दोघांनाही नीट दिसलं नाही. माशी चिमट्यातून गेलेली होती, बाणाईच्या दोन पायांत होती, आणि डोक्याकडून खायला सुरुवात झाली होती.

मग त्याला न्यूकॅसल विद्यापीठातल्या जेनी रीड आणि विवेक नित्यानंद यांच्या गटाचं काम सांगितलं. त्यांनी मँटिसच्या डोळ्यांवर मधमाशांच्या मेणाने चिमुकले रंगीत चष्मे चिकटवले, एका डोळ्याला निळं, एकाला हिरवं, आणि पडद्यावर हलणारे ठिपके दाखवले. ठिपका जवळ आल्याचा भास झाला की मँटिस झडप घालत. २०१६ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. कीटकालाही आपल्यासारखं दोन डोळ्यांनी अंतर कळतं, हे त्यातून पक्कं झालं. २०१८ मध्ये पुढचा भाग आला. तिची नजर आपल्यासारखी अख्ख्या चित्राचा मेळ लावत बसत नाही. चित्रात जिथे बदल होतोय, तेवढ्याच जागेचं अंतर ती काढते. निश्चल माशी तिच्या दृष्टीने तिथे नसतेच.

भाच्याने यावर बराच विचार केला. मग बरणीसमोर अगदी स्तब्ध उभा राहिला, पाच मिनिटं, श्वास रोखून रोखून. "मामा, मी पण आता नाहीये."

खाऊन झाल्यावर पाय साफ करते. एकेक काटा तोंडातून ओढून काढते, मग त्याच पायाने डोळा पुसते, मांजर पुसतं तसा. डोळ्यांत एक काळा ठिपका दिसतो, आपण जिकडे जाऊ तिकडे तो फिरतो. ती बाहुली नव्हे, भास आहे. डोळ्याच्या ज्या कप्प्यांत आपण सरळ आत बघतो तेवढेच काळे दिसतात. रात्री मात्र अख्खा डोळा काळसर होतो, कमी उजेडात जास्त दिसावं म्हणून.

२८ ऑगस्ट

कात. २२ मिलिमीटर. हिरवा रंग वाढला. चिलटं आता तिला पुरत नाहीत. घरमाश्या सुरू.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती आले. धूप, कापूर, उदबत्ती यांचा धूर तिच्या श्वसनछिद्रांना मानवणारा नाही, म्हणून बरणी आईच्या खोलीत, दार लावून. या खोलीत डास मारायचं कुठलंही औषध दोन महिने लावलेलं नाही. आई मच्छरदाणीत झोपते, तक्रार न करता.

खाली ढोल-ताशा सुरू झाला तेव्हा भाचा विचारत होता, तिला ऐकू येतं का? मँटिसचा कान १९८६ मध्ये यागर आणि हॉय या अमेरिकन संशोधकांनी उजेडात आणला. तोवर हे प्राणी बहिरेच समजले जात. कान एकच, आणि तोही डोक्यावर नाही, छातीच्या खालच्या बाजूला मागच्या पायांच्या मध्ये एका खाचेत. तो वटवाघळांच्या आवाजासाठी आहे, आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीतल्या. ढोलाचा त्रास तिला आवाजाने नाही, हादऱ्याने होतो. बरणीखाली चार पदरी टॉवेल घातला.

१६ सप्टेंबर, सोमवार

कात. २८ मिलिमीटर. पाठीवर पंखांच्या कळ्या आल्या, दोन्ही बाजूंना, चपट्या. यापुढची कात शेवटची.

२१ सप्टेंबर, शनिवार

सोसायटीने पेस्ट कंट्रोल ठेवलं, त्याची सूचना लागली काल रात्री. जिन्यात, गटारीत, घराघरांत झुरळांचं औषध. मी सेक्रेटरींना विनंती केली की आमचं घर आणि आमच्या मजल्याचा जिना तेवढा सोडा. ते म्हणाले, "एका किड्यासाठी?" त्यांच्याशी वाद घातला नाही, पण मला ते लागलं. मँटिस आणि झुरळ ही एकाच घराण्यातली चुलत भावंडं आहेत, झुरळाला मारणारं औषध हिलाही तितकंच मारतं. आणि औषध खाऊन अर्धमेली झालेली माशी हिने खाल्ली तरी तेच. वर्षानुवर्षं आपण घराघरांत हे फवारतो, आणि मग गॅलरीत चतुर नाहीत, फुलपाखरं नाहीत म्हणून हळहळतो.

डब्याच्या पिशवीत बरणी उभी ठेवली, भोवती नॅपकिन, आणि भांडुपहून मुलुंडची लोकल धरली. दोनच स्टेशनं, नाहूर आणि मुलुंड. शनिवार दुपार, तरी उभं राहावं लागलं. पिशवी छातीशी. शेजारच्या काकांनी जाळी बघून विचारलं काय आहे, मी दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नाहूर जाईपर्यंत पाहिलं. "सांगलीला आमच्या उसात असतात," एवढंच म्हणाले, आणि उतरेपर्यंत मला मागच्या गर्दीपासून आडोसा दिला.

ताईकडे आठ दिवस राहणार. नियम भाच्याला तोंडपाठ आहेत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल संध्याकाळच्या पावसात मी गाडीतच अडकलो, मुलुंडला जाता आलं नाही. आजची नोंद भाच्याने लिहून पाठवली. शब्द त्याचेच.

"आज शाळेला सुट्टी दिली. काल लाइट गेली होती तेव्हा मी टॉर्च लावून बघितलं. बाणाईचे डोळे पूर्ण काळे होते. तिने काल एक माशी आणि आज एक पतंग खाल्ला. पतंगाचे पंख तिने खाल्ले नाहीत, ते खाली पडले, मी मोजले, चार. आई म्हणाली की बरणी टीव्हीवर नको, म्हणून मी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि अभ्यासाची वह्या-पुस्तकं जमिनीवर. मी झाकणाला हात लावलेला नाही. मामा तू काळजी करू नकोस."

२९ सप्टेंबर

घरी परत. येताना गाडी रिकामी.

खाण्याची नवी सोय सापडली. बहिणीच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचे ड्रम आहेत, त्यांत काळ्या, जाड अळ्या वळवळत असतात. लोक बघून तोंड वाकडं करतात. त्या सोल्जर फ्लायच्या. कचरा फस्त करतात, प्रौढ माशी घरात अन्नावर बसत नाही, चावत नाही. गडद झालेल्या वीसेक अळ्या लाकडाच्या भुशात घालून आणल्या, कोष होऊन माश्या निघतील. औषधाच्या धास्तीशिवाय देता येईल असं खाणं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन दिवस काही खाल्लेलं नाही. पंखांच्या कळ्या फुगून पाठीवर उशांसारख्या झाल्यात. जाळीला लटकली आहे.

बाहेर ऑक्टोबरची उन्हं, दुपारी आर्द्रता पन्नाशीला आली. बरणीभोवती ओला पंचा गुंडाळला, समोरची बाजू तेवढी उघडी. बोळ्यातूनसुद्धा काही करायचं नाही आता.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याला राहायला आलेला भाचा रात्री घरीच होता. रात्री ११ वाजून १० मिनिटांनी त्यानेच उठवलं. "मामा, पाठ फाटली."

लाल पारदर्शक कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात, बरणीपासून हातभर लांब, जमिनीवर बसून पाहिलं. आईही उठून खुर्चीत बसली.

मानेच्या मागे एक पांढरी रेघ. ती रुंदावत गेली आणि त्यातून छातीचा कणा फुगून वर आला, ओला, दुधी रंगाचा. मग डोकं. ते बाहेर येताना खाली झुकलेलं होतं आणि डोळे क्षणभर जुन्या डोळ्यांच्या टरफलांतून सुटताना दिसले. मिशा केसासारख्या लांबत, सुटत आल्या. नंतर पुढचे पाय. इथेच एक नंबर अडकलं होतं. माझा हात आपोआप गुडघ्यावर आवळला गेला. हातमोज्यातून बोटं काढावीत तसे ते पाय, काट्यांसकट, हळूहळू निसटले. आणि मग मधले, मागचे, सगळे बाहेर आले.

आता ती उलटी, फक्त पोटाच्या टोकावर, जुन्या कातडीत लटकलेली. पाय छातीशी दुमडलेले, मऊ, कामाला न येणारे. हालचाल बंद. भाच्याने माझं मनगट धरलं. "मेली?" मी नाही म्हणून मान हलवली. अशा वेळी पाय कडक व्हायला वेळ लागतो. आठ मिनिटं झाली. घड्याळ मी बघत होतो, आई जप करत होती.

मग तिने अंगाला एक हिसका दिला, कमरेतून वर वाकली, आपल्याच रिकाम्या कातडीचे पाय धरले आणि पोट सोडवून घेतलं. डोकं वर झालं. एवढं सगळं पंचवीस मिनिटांत.

पंख त्यानंतर. सुरुवातीला चुरगळलेल्या ओल्या टिशूचे दोन बोळे. ते खाली खाली उलगडत गेले, भिजलेला कागद पाण्यात पसरतो तसे, सुरकुत्या एकेक करून नाहीशा होत. मुळातून टोकाकडे रक्त ढकललं जात होतं. साडेबाराच्या सुमारास ते पोटाच्या टोकापर्यंत पोचले, दुधी, अर्धपारदर्शक. रंग नव्हता. भाचा तिथेच जमिनीवर झोपून गेला.

सकाळी साडेसहाला: पोपटी हिरवे पंख, प्रत्येकावर मधोमध एक साईसारखा पिवळट-पांढरा ठिपका, त्याला काळी कमान. दोन्ही पंख मिटले की दोन डोळे आपल्याकडे रोखून बघतायत असं वाटतं. आतले पंख जरा उघडले तेव्हा गुलाबीसर झाक दिसली. डोक्यावर, मिशांच्या मध्ये, तीन बारीक साधे डोळे मण्यांसारखे चमकत होते. लांबी ३९ मिलिमीटर.

आईने बरणीसमोर काल उरलेलं आपट्याचं पान ठेवलं.

२० ऑक्टोबर

भूक प्रचंड. एक दिवसाआड एक सोल्जर फ्लाय, शिवाय दिव्यावर येणारे पतंग. बरणी बदलली, दुप्पट मोठी, चारही बाजूंना कापडाची जाळी. गुळगुळीत प्लॅस्टिकवर डोळे घासून त्यांवर कायमचे काळे डाग पडतात.

२ नोव्हेंबर, शनिवार

फटाक्यांचा धूर. खिडक्या बंद, पंखा बंद. खाल्लं नाही, पाणी प्यायली.

१० नोव्हेंबर, रविवार

तीन रात्री मी एक गोष्ट बघतोय. अंधार पडला की ती जाळीवर उलटी लटकते, पंख जरासे उचलते, आणि पोट खाली वाकवून आस्ते आस्ते हलवत राहते, तासन् तास. मादी असं करते ती नराला वासाने बोलावण्यासाठी. पोट भरत चाललंय. नर मिळाला नाही तरी ती अंड्यांचा पुडा घालेल, पण तो वांझ, आणि त्यातही तिची ताकद जाईल.

भाच्याला फोन केला. सांगायला जड गेलं, कारण रात्री जागून तिची कात पाहणारा तो होता. म्हटलं, हिला तिच्या वेलीवर सोडू या. तो बराच वेळ गप्प. "घोस्ट मँटिस असता तर सोडता आला नसता ना?" नसता. "मग मी येतो. मी आल्याशिवाय सोडू नकोस."

संध्याकाळी पाच वाजता आला. झाकणाची चिकटपट्टी कापली, ती त्याने. मी मधुमालतीच्या घोसाला बरणी टेकवून धरली. ती लगेच निघाली नाही. कडेवर आली, डोलली, एक पाय वेलीवर ठेवला, काढला, परत ठेवला. मग गेली. तीन पानं ओलांडून फुलांच्या घोसाखाली बसली आणि मला ती सापडेना. भाचा बोट दाखवत होता, तरी सापडेना.

१३ नोव्हेंबर

तिथेच, हातभर वर. सकाळी तिच्या पायांत मधमाशी.

१६ नोव्हेंबर

दिसली नाही. वेल तासभर धुंडाळला.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. आईने तळी भरली, भरीत-रोडगा झाला. भाचा आणि ताई जेवायला.

दुपारी भाचा गॅलरीतून ओरडला. ग्रीलच्या मागच्या गजाला, वेलीच्या आड, काहीतरी चिकटलेलं होतं. फिकट तपकिरी, लांबट, अरुंद, वाळलेल्या फेसासारखं, वरून एक कणा. मोजपट्टी लावली, २६ मिलिमीटर. क्रिओब्रोटरचा अंड्यांचा पुडा असाच लांबट असतो. बाणाईचाच असेल असं वहीत लिहिता येत नाही, वेलीवर दुसरीही मादी असू शकते. भाच्याला शंका नाही.

इकडे सोसायटीचं रंगकाम सुरू आहे, सोमवारपासून आमच्या बाजूचे ग्रील घासून त्यांना रंग लागणार. पुडा गजावरून सोडवायला गेलं तर फुटेल. रंगाऱ्यांच्या मुकादमांना खाली जाऊन भेटलो, त्यांना वर आणून दाखवलं. ते वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "हा एक गज ठेवतो. फेब्रुवारीत येऊन मारून देतो, डबा बाजूला काढून ठेवतो."

पिल्लं निघायला उबेत पाच-सहा आठवडे धरायचे, थंडी पडली तर जास्त. त्या गजाला आईने हळदीचा दोरा बांधला, आणि भाच्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लटकवलं: या गजाला हात लावू नये.